दोन शेजारी, दोन तिजोऱ्या आणि अणुबॉम्ब



भारत-पाकिस्तानात काही खुट्ट झाले की आपल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. सिनेगॉगमधून बाहेर पडताना निघतो, लग्नाच्या हॉलमध्ये निघतो, कुपात खोलिमच्या बाकावर नंबर लागेपर्यंतही निघतो. पाकिस्तानजवळ पैसा नाही म्हणतात, तो देश सारखा नाणेनिधीच्या दारात उभा असतो, तर मग त्याला बॉम्ब कसा परवडतो? याचाच एक जोडप्रश्न आहे, तो मात्र फारसा कोणी विचारीत नाही. भारताला तो कसा परवडला? १९९८ च्या मे महिन्यात दोघांनीही सतरा दिवसांच्या अंतराने एकच गोष्ट केली, दोघांनाही जवळजवळ एकच शिक्षा झाली, आणि तरी एक शेजारी कोलमडला व दुसरा उभा राहिला. असे का झाले, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

हा विषय आपल्याला परका नाही. आपल्यापैकी काही घराण्यांची पाळेमुळे कराचीत आहेत. तेथील मागेन शालोम सिनेगॉग १८९३ साली बांधले गेले आणि १९८८ साली पाडले गेले. तेथील बेने इस्राएल घरांतून मराठीच ऐकू येत असे. इकडे मुंबईला बंदराच्या कडेला ट्रॉम्बे, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र, आणि बंदर ओलांडले की आपला जुना कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. दिमोनाच्या वाचकांना तर अणुभट्टी हा शब्द आम्ही समजावून सांगायला नको.

प्रथम एक शब्द पाहू. देशाजवळच्या परकीय चलनाच्या साठ्याला मराठीत गंगाजळी म्हणतात. गंगाजळी म्हणजे मूळचे गंगेचे पाणी ठेवण्याचे भांडे. ते पाणी रोज प्यायचे नसते, अगदी निकडीच्या वेळी काढायचे असते. यावरून अडीअडचणीसाठी राखून ठेवलेल्या द्रव्यालाही तेच नाव पडले. आता असे समजा की आपला पगार रुपयांत आहे, पण रॉकेलवाला आणि औषधवाला रुपया घेत नाहीत, त्यांना डॉलरच हवेत. मग घरात रुपये कितीही असोत, डॉलरचा डबा रिकामा झाला की चूल विझते. देशाचेही असेच असते. रुपये छापता येतात, डॉलर छापता येत नाहीत. ते माल विकून मिळवावे लागतात, कर्जाऊ आणावे लागतात, किंवा परदेशात राबणाऱ्या आपल्या माणसांनी पाठवावे लागतात. हा तिसरा मार्ग ध्यानात ठेवावा, पुढे त्याचेच काम आहे.

आता थोडा पूर्वेतिहास. १८ मे १९७४ रोजी भारताने राजस्थानात पोखरणला पहिला अणुस्फोट केला. त्यासाठी लागलेले प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतून आले होते, आणि ती भट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली होती. कॅनडाने चिडून पुढची मदत बंद केली. पाकिस्तानात भुत्तोसाहेब १९६५ पासूनच म्हणत होते की भारताने बॉम्ब केला तर आम्ही गवत खाऊ, पण आमचाही करू. १९७१ साली देशाचा पूर्वेकडील भाग गेल्यावर त्यांनी ही गोष्ट मनावर घेतली. गवत खाण्याची भाषा करणारे स्वतः कधी गवत खात नाहीत, ते कोणाच्या ताटात पडते हे बघावे, असे आम्ही वर्गात मुलांना सांगत असू. ते कोणाच्या ताटात पडले हे १९९८ साली दिसले.

पण त्याआधी १९९१ साल नीट समजून घेतले पाहिजे. त्या वर्षी भारताचीच पाळी होती.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळले. त्या युद्धाची आठवण येथे ज्याला त्याला आहे. आपण गॅसचे मुखवटे घेऊन बंद खोलीत बसलो होतो. त्याच वेळी भारतावर दुसरे संकट आले. तेलाचे भाव भडकले. आखातातली माणसे नोकऱ्या सोडून परतली. एकट्या कुवेतमधून व इराकमधून लाखाच्या वर भारतीय विमानांनी आणावे लागले. त्यांत कोकणातले पुष्कळ होते, आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर गावेच्या गावे जगत होती. ते डॉलर थांबले. सरकारवर पूर्वीचे कर्ज होतेच, दिल्लीत सरकारे पडत होती, आणि हे सगळे पाहून परदेशस्थ भारतीयांनी भारतातल्या बँकांतून आपल्या ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली. जानेवारी १९९१ मध्ये भारताची परकीय गंगाजळी १.२ अब्ज डॉलरवर आली. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.) एवढ्या मोठ्या देशाला ती जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती होती.

मग सोने बाहेर काढले. मे १९९१ मध्ये सरकारने जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडला गेले. जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने गहाण म्हणून विमानांनी इंग्लंडला पाठवले, आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून ४० कोटी डॉलर मिळवले. आपल्या आया-आज्यांना मंगळसूत्र गहाण टाकणे म्हणजे काय ते ठाऊक होते. घरातली बाई हे करते तेव्हा गल्लीला कळू देत नाही. येथे साऱ्या जगाला कळले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुपयाची किंमत दोनदा उतरवली, आणि २४ जुलै १९९१ रोजी अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी ते प्रसिद्ध अंदाजपत्रक मांडले. परवाना-पद्धत सैल केली, परदेशी भांडवलाला दार किलकिले केले.

त्या अंदाजपत्रकाची स्तुती आपण पुष्कळ ऐकली आहे. आमच्या मते त्याहून महत्त्वाची पण कमी बोलली गेलेली गोष्ट पुढल्या सहा-सात वर्षांत घडली. दिल्लीत पक्ष बदलले, पण गंगाजळी भरत ठेवण्याचे काम कोणीच सोडले नाही. थोड्या मुदतीची परदेशी कर्जे बेताने घेतली. रुपया डॉलरमध्ये बदलण्यावरचे सगळे निर्बंधही एकदम उठवले नाहीत. १९९७ च्या जुलैत थायलंडचे चलन कोसळले, मागोमाग इंडोनेशिया आणि कोरिया घसरले, तेव्हा ही सावधगिरी कामी आली. मार्च १९९८ अखेर भारताची गंगाजळी सोने धरून सुमारे २९ अब्ज डॉलर होती.

आता पाकिस्तानकडे वळू. १९९१ साली तेथेही सुधारणा झाल्या. नवाझ शरीफ यांच्या सरकारने लोकांना परवानगी दिली की कोणीही पाकिस्तानी आपल्या देशातल्या बँकेत डॉलरचे खाते उघडू शकतो, पैसा कोठून आला हे विचारणार नाही, आणि खात्याला हात लावणार नाही. १९९२ साली कायदा करून तशी हमी दिली. कल्पना वाईट नव्हती. ज्यांनी आपल्या येथे १९८४ साल काढले आहे त्यांना डॉलरची ओढ म्हणजे काय ते सांगायला नको. त्या वर्षी इस्राएलमध्ये महागाई चारशे टक्क्यांच्या वर गेली होती आणि पगार हातात पडेपर्यंत निम्मा विरघळत असे. जुलै १९८५ ची कडक योजना आणि नवा शेकेल आला तेव्हा कोठे आपला जीव भांड्यात पडला. तर पाकिस्तानातल्या दुकानदाराने, डॉक्टरने, पेन्शनराने आणि दुबईत गवंडीकाम करणाऱ्या मजुरानेही आपले डॉलर मायदेशी बँकेत ठेवले. १९९८ पर्यंत या खात्यांत सुमारे ११ अब्ज डॉलर जमले.

जमले म्हणजे काय, तर पासबुकात. बँका ते डॉलर सरकारच्या स्टेट बँकेला देत आणि बदल्यात रुपये घेत. स्टेट बँकेने ते डॉलर तेलासाठी, जुन्या कर्जाच्या हप्त्यांसाठी, आयातीसाठी खर्चून टाकले. मे १९९८ मध्ये तिजोरीत शिल्लक होते सव्वा अब्जाच्या आसपास. म्हणजे दर नऊ डॉलरांमागे एकच डॉलर खरोखरीचा होता. कोणी एकदम मागायला येणार नाही, या भरवशावर सारे चालले होते.

११ मे आणि १३ मे १९९८ ला भारताने पोखरणला पाच स्फोट केले. पुढचे दोन आठवडे शरीफ यांच्यावर दोन्ही बाजूंनी ओढाताण चालू होती. अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन त्यांना पुनःपुन्हा फोन करून विनवीत होते, मदतीचे आमिष दाखवीत होते. घरात सैन्य, मौलवी, विरोधी पक्ष आणि रस्त्यावरचे लोक जबाब द्या म्हणून ओरडत होते. २८ मे रोजी बलुचिस्तानात चागई येथे स्फोट झाले, ३० मे रोजी आणखी एक. शहरांत मिठाई वाटली गेली. अकरा मेनंतर भारतातही वाटली गेली होती, हेही लिहून ठेवले पाहिजे.

त्याच २८ मेच्या रात्री पाकिस्तान सरकारने आणीबाणी पुकारली आणि डॉलरची सगळी खाती गोठवली. डॉलर मिळणार नाहीत, हवे तर सरकारी दराने रुपये घ्या, असा हुकूम निघाला. खुल्या बाजारात डॉलर त्याहून बराच महाग झाला, तेव्हा ज्याने रुपये घेतले तो बुडाला आणि ज्याने घेतले नाहीत तो अडकला. शत्रूला भिववण्यासाठी केलेल्या स्फोटाचा पहिला धक्का आपल्याच पेन्शनराला बसला. १९९२ चा कायदा होता तेथेच होता, त्याचा कोणाला उपयोग झाला नाही.

सरकारने हे दुष्टपणाने केले असे आम्हांला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे खातेदार बँकेपुढे रांगा लावतील आणि तिजोरीत नऊला एक डॉलर आहे, हे अर्थखात्याला ठाऊक होते. स्फोट करायचा ठरल्यावर खाती गोठवण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुळात चूक आधीच्या सात वर्षांतली होती.

आणि या चुकीचा हिशोब पुढे लागला. परदेशांतल्या पाकिस्तान्यांनी बँकेतून पैसे पाठवणे कमी केले. १९९७-९८ साली बँकांमार्फत येणारी रक्कम दीड अब्ज डॉलरच्या आसपास होती, दोन वर्षांत ती एक अब्जाच्याही खाली आली. माणसे घरी पैसे पाठवायची थांबली नव्हती. ती हुंडीवाल्याकडे वळली होती. हुंडीने पैसा घरी पोचतो, पण सरकारी तिजोरीत डॉलर येत नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये ती तिजोरी अर्ध्या अब्जाच्याही खाली गेली होती.

निर्बंधांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण वर्तमानपत्रांत त्यांचे फार मोठे चित्र रंगवले जाते. अमेरिकेच्या १९९४ च्या एका कायद्याप्रमाणे अणुस्फोट करणाऱ्या देशाची मदत व कर्जे आपोआप थांबतात. जपाननेही नवी मदत रोखली, जागतिक बँकेची बरीचशी कर्जे लांबणीवर पडली. पण पाकिस्तान हा अमेरिकेच्या वायव्येकडील, वॉशिंग्टन राज्याच्या बाजूच्या शेतकऱ्यांचा मोठा गिऱ्हाईक होता. गव्हासाठी मिळणारी सरकारी पतहमी बंद झाली तर आपला गहू कोण घेणार, म्हणून त्या शेतकऱ्यांनी आपल्या प्रतिनिधींना हैराण केले, आणि जुलै १९९८ मध्येच, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, अमेरिकन काँग्रेसने शेतमालाला सूट देऊन टाकली. जग एकमेकांत इतके गुंतले आहे की दुसऱ्याला उपाशी ठेवायचे म्हटले तरी आपला वाणी आडवा येतो. गंमत अशी की पाकिस्तानने पूर्वी एफ-१६ विमानांसाठी भरलेले पैसे अमेरिकेत अडकून पडले होते. १९९० पासून विमानेही दिली नव्हती, पैसेही नाहीत. डिसेंबर १९९८ मध्ये त्याचा निकाल लागला तेव्हा काही रक्कम रोख मिळाली आणि उरलेल्यातला काही भाग गहू वगैरे मालाच्या रूपाने. मागितली लढाऊ विमाने, मिळाला गहू. आमच्या मते त्या वर्षी पाकिस्तानच्या जनतेचा एवढाच काय तो फायदा झाला.

भारताने काय केले? त्यालाही डॉलर हवेच होते. ऑगस्ट १९९८ मध्ये स्टेट बँकेने परदेशस्थ भारतीयांसाठी पाच वर्षांचे रोखे काढले. इंग्रजी नावाचा अर्थ पुनरुत्थानाचे रोखे असा काहीसा होतो. डॉलरवर पावणेआठ टक्के व्याज, पौंडावर आठ, जर्मन मार्कवर सव्वासहा. विक्री चालू असतानाच १७ ऑगस्टला रशियाने आपली कर्जे बुडवली आणि जगातले सावकार धास्तावले. तरीही तीन आठवड्यांच्या आत ४.२ अब्ज डॉलर जमले. लंडनचा दुकानदार, न्यू जर्सीचा डॉक्टर, आखातातला व्यापारी यांनी पैसे भरले.

याला त्या वेळी देशभक्ती म्हटले गेले. देशभक्ती होतीच, पण अमेरिकन सरकारच्या रोख्यांपेक्षा व्याजही बरेच जास्त होते, तेव्हा ती चांगली पोसलेली देशभक्ती होती. खरा मुद्दा निराळा आहे. हेच परदेशस्थ भारतीय, किंवा त्यांचे भाऊबंद, १९९०-९१ साली ठेवी काढून घेऊन पळाले होते. सात वर्षांनी, निर्बंध लागले असताना, ते परत आले. कारण १९९१ साली सोने गहाण पडले, रुपया उतरला, पण कोणाची ठेव गोठवली गेली नाही. ज्याला आपले पैसे न्यायचे होते त्याला ते नेता आले. ऑक्टोबर २००३ मध्ये हे रोखेही मुदतीला व्याजासकट फेडले गेले, आणि त्या वेळी भारताची गंगाजळी ९० अब्ज डॉलरच्या घरात होती.

यावरून भारताला बॉम्ब फुकटात पडला असे कोणी समजू नये. स्फोटानंतर सांगितले जात होते की आता बॉम्ब आहे, तेव्हा बंदुका-रणगाड्यांवरचा खर्च कमी होईल. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, जाहीरनाम्यावर सह्या झाल्या, आणि मे महिन्यात कारगिलच्या बर्फात लढाई पेटली. फेब्रुवारी २००० च्या अंदाजपत्रकात भारताचा संरक्षण खर्च २८ टक्क्यांनी वाढला. पाकिस्तानात शरीफ यांना ऑक्टोबर १९९९ मध्ये सैन्याने खाली खेचले. ज्या सैन्याच्या समाधानासाठी तिजोरी पणाला लावली त्यानेच! संसदेवरील हल्ल्यानंतर २००२ साली दोन्ही सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी होती, तेव्हा अमेरिकेने आपल्या नागरिकांना भारत सोडण्याचा सल्ला दिला, आणि बंगलोरच्या संगणक कंपन्यांची झोप उडाली. त्यांचे परदेशी गिऱ्हाईक विचारू लागले की आमचे काम उद्या कोण करील. असे गिऱ्हाईक १९७१ च्या युद्धात नव्हते.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. गरीब देशाला बॉम्ब परवडतो, कारण तो करायला लागणारा पैसा एकूण खर्चाच्या मानाने फार नसतो. महाग पडते ते पुढचे सगळे: सैन्य, शस्त्रस्पर्धा आणि गेलेली पत. आणि एकदा बॉम्ब झाला की सावकारच घाबरतात. सामान्य कर्जबाजारी बुडाला तर सावकार त्याचे घर लिलावात काढतो. ज्याच्या घरात दारूगोळा भरला आहे त्याचे दार तोडायला कोणी जात नाही. जानेवारी १९९९ मध्ये, स्फोटाला वर्षही झाले नव्हते तेव्हा, नाणेनिधीने पाकिस्तानला पुन्हा कर्ज सुरू केले. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत त्याची गंगाजळी तीन अब्जांच्या खाली गेली, मे महिन्यात महागाई ३८ टक्क्यांवर पोचली, पिठाच्या रांगांत चेंगराचेंगरी झाली. जुलैत नाणेनिधीने ३ अब्ज डॉलर मंजूर केले, सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी ७ अब्जांची योजना आली. चीन, सौदी अरेबिया व अमिराती यांनी ठेवलेल्या ठेवींची मुदत वाढवून दिली. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२५ च्या प्रारंभी भारताजवळ १८० आणि पाकिस्तानजवळ १७० अण्वस्त्रे होती. तिजोरीतली तफावत पाहता हे आकडे किती जवळ आहेत ते वाचकांनी पाहावे.

शेजारी बुडाला तर बरेच होईल, असे आपल्यातले काही जण म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. पहलगाम येथे एप्रिल २०२५ मध्ये २६ माणसे मारली गेली, ७ मे रोजी भारताने हल्ले केले आणि १० मे पर्यंत दोन्ही बाजूंनी क्षेपणास्त्रे व ड्रोन सुटत होते. पोट भरलेले नसले म्हणून लढाई थांबली नाही. उलट ज्याच्याजवळ गमावण्यासारखे गिऱ्हाईक, कारखाने आणि ठेवी आहेत, त्यालाच युद्ध लवकर आवरावेसे वाटते.

त्या चार दिवसांतच, ९ मे रोजी, नाणेनिधीच्या मंडळाने पाकिस्तानला सुमारे १ अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला. भारताने मत दिले नाही. या मंजुरीची सर्वत्र चर्चा झाली. ज्याची चर्चा झाली नाही तो आकडा वेगळाच आहे. जून २०२५ ला संपलेल्या वर्षात परदेशांत राबणाऱ्या पाकिस्तान्यांनी बँकांमार्फत घरी ३८ अब्ज डॉलर पाठवले. ही तीच माणसे, किंवा त्यांची मुले, ज्यांची खाती २८ मे १९९८ च्या रात्री गोठवली गेली होती.